सोयाबीनचा सरवा

शनिवार, संध्याकाळ

आईची ओटी डोळ्यांसमोरून जात न्हाई. काढणीनंतर रानात पडलेले दाणे गरिबानं वेचायचे, त्याला सरवा म्हणतात. ज्वारीचा सरवा आईनं जन्मभर वेचला, कुणी अडवलं न्हाई. आज त्याच सवयीनं बापूरावांच्या रानात सोयाबीन वेचायला गेली. मी अंगणवाडीतून परतताना पाहिलं, ते तिला बांधावर ओटी रिकामी करायला लावत होते. "मावशी, ज्वारी खायची होती. सोयाबीन इकायचं हाय." आवाज चढवला न्हाई, समजावून सांगितलं. त्याचाच जास्त राग आला. पण मी तरी कुठं तोंड उघडलं? सोमवारी आई त्यांच्याच रानात मजुरीला जाणार. आणि सकाळीच अंगणवाडीत मी बायांना सांगत होते, लेकरांना सोयाबीन खाऊ घाला, ताकद येते. कुठून घालतील?

आईनं मूठ मूठ करून सगळं खाली टाकलं. मग बापूरावांनी हरभरा पेरायला रानात ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला. इकायचे म्हणले तेच दाणे मातीत गेले.

आई आता दारात बसून ओटी झाडतेय. शिवणीत अडकलेला एक दाणा निघाला. सोमवारी परत देते म्हणाली, आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.