पोपटी रंगाचा एक हात

२ नोव्हें., रवि.

या घरात एकही जुनं बनियन उरलेलं नाही. ही बाब मी आज अत्यंत गांभीर्याने नोंदवून ठेवत आहे. सकाळपासून सगळी कपाटं उचकली. एक काळ असा होता की मराठी संसारात भोकं पडलेल्या बनियनला निवृत्तीनंतरही मान होता. आधी सायकल पुसायची, मग पंखा, शेवटी फरशी. आता सौ. भोक पडण्याची वाटही बघत नाही, थेट भांडीवालीच्या हवाली करते आणि बदल्यात प्लास्टिकचा टब घेते. घरात टबच टब. बनियन नाही. आणि व्हार्निशचा पहिला हात मऊ सुती फडक्यानेच द्यायचा असतो, असं व्हिडिओतला गोरा माणूस पुन्हा पुन्हा बजावतो. त्याच्या गल्लीत भांडीवाली येत नसावी.

अंगातलं काढून वापरावं का, यावर विचार चालू होता. सौ. म्हणाली, "काढून ठेवलंत की त्याचाही टब येईल."

मी बांधलेली होडी बाकी तयार. गॅरेजच्या मधोमध, दोन लाकडी घोड्यांवर पालथी. गाडी दोन वर्षांपासून रस्त्यावर, कडुनिंबाखाली, पक्ष्यांच्या स्वाधीन.

४ नोव्हें., मंगळ.

मनूचा धुळ्याहून फोन. तिचे सासरे, नानासाहेब, शनिवारी येताहेत. होडी बघायला. मुक्कामी.

"बाबा, रिटायर झाल्यापासून ते घरात नुसत्या फेऱ्या मारतात. त्यांना हाताला काहीतरी काम द्या. आणि प्लीज, दोघं जरा माणसांसारखे वागा."

पोरीचं चुकत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, व्याह्यांत आणि माझ्यात आजवर एकही खरं वाक्य झालेलं नाही. तुम्ही घ्या आधी. नाही नाही, तुम्ही. मागे एकदा चहा असाच दोघांच्या मधे गार झाला, तर गार चहाचंही दोघांनी कौतुक केलं. मी मुलीचा बाप, ते मुलाचे वडील, म्हणजे ते म्हणतील ते छान. दर रविवारी पेपरात नगरसेवकापासून खड्ड्यापर्यंत सगळ्यांची सालं काढतो, आणि व्याही दिसले की जिभेची गुळाची ढेप होते.

संध्याकाळी होडीवरून शेवटचा पॉलिशपेपर. ओल्या फडक्याने (सौ.चा नॅपकिन, तिला माहीत नाही) पुसलं तर सागवानाच्या रेषा मध ओतल्यासारख्या वर आल्या. जुन्या जिनिंग कारखान्याच्या मोडीतले दरवाजे होते हे. कितीतरी वर्षं कापसाची धूळ खाल्लेलं लाकूड, आतून असं निघेल कोणाला वाटलं असतं. यावर फक्त पारदर्शक व्हार्निश. रंगाचा थेंब नाही. ठरलं.

आयुष्यात हाताने केलेली पहिली वस्तू, जिच्यात कुठला संपादक हात घालू शकत नाही.

८ नोव्हें., शनि.

नानासाहेब आले. पिशवीत विहीणबाईंनी दिलेली शेव आणि त्याखाली चार लिटरचा डबा.

"म्हटलं, रिकाम्या हाताने कसं यायचं."

ऑइलपेंट. झाकणावरून एक ओघळ खाली आलेला, त्यामुळे आशेला जागा नव्हती. पोपटी.

"दिवाळीत तुम्ही आमच्या झोपाळ्याचा रंग किती वाखाणलात. मी लक्षात ठेवलं. होडीला हाच शोभेल ना?"

वाखाणला होता. मी धुळ्याला गेलो की सगळंच वाखाणतो. त्यांच्या नळाची तोटीसुद्धा वाखाणलेली आहे.

"शोभेल म्हणजे काय," मी म्हणालो, "हाच हवा."

हे मी बोललो. शुद्धीवर असताना. सौ. दारात उभी होती, ती वळून आत गेली. पाठमोरे खांदे हलत होते.

नानासाहेबांनी होडीवरून तळहात फिरवला. बराच वेळ. मग मोठा सुस्कारा सोडला. कधी एकदा रंगवतो असं झालंय बिचाऱ्यांना.

रात्री भरीत, कळण्याची भाकरी. ते: फारच छान. मी: तुमच्याकडची चव वेगळीच.

९ नोव्हें., रवि.

पहिला हात झाला.

नानासाहेब तसे म्हणत होते, आधी अस्तर मारू, ते वाळू दे नीट, घाई काय, पुढच्या आठवड्यात बघू. मीच म्हणालो, छे, तुम्ही एवढे लांबून आलात, आजच करू. यजमानपणा अंगात आला की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

ते पुढून, मी मागून. "जरा दाट घेऊ का?" "तुम्ही म्हणाल तसं." "नाही, तुम्ही सांगा." अशा रीतीने दोन वर्षांचं सागवान दुपारच्या आत, अतिशय सौजन्याने, दिसेनासं झालं. मधल्या एका फळीवर एक गाठ होती, डोळ्यासारखी. तिच्यावर ब्रश कोणीच नेत नव्हतं. शेवटी दोघांचे ब्रश एकदमच तिथे पोचले.

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडलं. दुसरा हात पुढच्या शनिवारी. हात हलवताना दोघंही फार आनंदात दिसत होतो.

१० नोव्हें., सोम.

गॅरेजचं शटर उघडलं. बंद केलं.

११ नोव्हें., मंगळ.

शेजारचे कोल्हेअण्णा आले. सारा जन्म पाइपाच्या कारखान्यात काढला त्यांनी, त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाइप. "तरी म्हणत होतो, पाइपाची करा. अख्खं जळगाव पाइपावर जगतं, आणि सर लाकूड तासत बसले." मग होडीभोवती एक फेरी मारून: "भरीत ठेचायची एवढी मोठी लाकडी डोणी, बडगी, पहिल्यांदा बघतोय. हिरवी का पण? वांगी हिरवी म्हणून?"

दुपारी वर्गात बॅलन्सशीट शिकवताना खिडकीबाहेर पोपट दिसला. तासभर ताळा जुळला नाही.

सौ.ला म्हटलं, मी नानासाहेबांना सांगणार, रंग नको. ती म्हणाली, सांगा. मी म्हणालो, म्हणजे तू विहीणबाईंना सांग. ती म्हणाली, होडी माझी आहे का.

१३ नोव्हें., गुरु.

आज जे कळलं ते लिहितानाही हसू येतंय आणि रडूही.

विहीणबाईंचा सौ.ला फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच विचारलं, "तुमच्या सरांना तो पोपटी इतका का हो आवडतो? आमचे जळगावहून आल्यापासून जेवत नाहीत धड. म्हणतात, सोन्यासारखं लाकूड, माझ्या हाताने पोपटी केलं. पण सरांची हौस, बोलायचं कसं?"

झोपाळा त्यांनी रंगवलेलाच नाही. मुलाने, म्हणजे आमच्या जावयाने, गच्चीच्या कठड्याचा उरलेला रंग त्याला फासला. नानासाहेबांना तो झोपाळा डोळ्यांसमोर नको असतो. पण मी दिवाळीत वाखाणला. म्हणून त्यांनी तोच रंग शोधून शोधून, दोन दुकानं फिरून आणला. माझ्यासाठी.

म्हणजे त्या शनिवारचा तो सुस्कारा. आणि ते अस्तर, ती पुढच्या आठवड्याची गोष्ट. माणूस होडी वाचवायला बघत होता, आणि मी त्याच्या हातात ब्रश कोंबत होतो.

सौ.: "बोलून टाका आता. दोघांनाही नको आहे, मग अडलंय कुठे?"

तिला काय सांगू. अडलंय तिथेच. ते मनूचे सासरे आहेत. मी म्हणालो "रंग नको" आणि त्यांना वाटलं "तुम्ही नको", तर? पोरगी तिकडे राहते. लाकूड पुन्हा मिळेल जिनिंगमधे.

१४ नोव्हें., शुक्र.

वाक्यांची तालीम. "नानासाहेब, मला वाटतं की..." (मला काय वाटतं हे ते विचारतात कुठे, आणि मी सांगतो कुठे.) "नानासाहेब, सूर्यप्रकाशात हा रंग जरा..." (खोटं. अंधारातही तसाच.) "नानासाहेब, कोल्हेअण्णांचं म्हणणं आहे..." (भेकडपणा.)

उद्या दुसरा हात. दुसरा बसला की खालचं लाकूड कायमचं गेलं. आणि आमचंही तेच, हसत हसत, जन्मभर. वीस वर्षं स्तंभ लिहिणारा माणूस. एक वाक्य जमत नाही.

१५ नोव्हें., शनि.

वाक्य बोलावंच लागलं नाही.

नानासाहेबांनी डबा उघडला, काडीने ढवळला, ब्रश माझ्यापुढे धरला. "घ्या, सुरुवात तुम्ही करा." मी ब्रश घेतला, बाकावर ठेवला, आणि शेजारची लोखंडी पत्री उचलून डाव्या अंगाने रंग खरवडायला लागलो. तोंड उघडलं असतं तर पुन्हा "वा" निघालं असतं. पोपटी सालपटं पायावर पडत होती. मनात म्हटलं, गेला, माणूस दुखावला. वळून बघायची हिंमत होईना.

मग पॉलिशपेपर फाडल्याचा आवाज. नानासाहेब माझ्या बाजूला येऊन उभे, चष्मा कपाळावर. आणि तीन वर्षांत जे कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. ते त्यांच्या गावच्या अहिराणीत बोलले.

"मालेबी हाऊ रंग आवडना नही, भाऊ. तुमले आवडस म्हनीसन लई उनू." मला आवडतो म्हणून घेऊन आले, एवढंच.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलना का?"

नाही. मी पण नाही.

"बठ्ठा काढी टाकूत," सगळाच, ते म्हणाले आणि घासायला लागले.

पुढे काय झालं, तर एकदा बूच निघाल्यावर थांबेना. रंग निघतोय तसं सगळंच निघायला लागलं.

"तुमचं रविवारचं मी नेमाने वाचतो," ते म्हणाले. "हसू येत नाही."

"एकदाही?"

"एकदा आलं. तुमच्या जागी दुसऱ्याचा फोटो छापला होता तेव्हा."

मी सांगितलं, तुमच्याकडे मी आलो की पंखा पाचवर करतात, मी तीन वर्षं कुडकुडतोय. ते म्हणाले, आम्ही पण, तुम्ही गेलात की बंद करतो. मी म्हणालो, त्या तोटीत कौतुक करण्यासारखं काही नाही. ते म्हणाले, ती गळते, तुम्ही वाखाणली म्हणून बदलली नाही.

आवाज वाढले असावेत. सौ.ने घाबरून मनूला फोन लावला, "अगं, हे दोघं भांडताहेत." पलीकडून मनू: "खरंच? थांब, फोन तिथे नेऊन धर."

१६ नोव्हें., रवि.

डावी बाजू निघाली. पहिल्यासारखी नाही. रेषांच्या खोबणीत हिरवं बसलंय ते बसलंय, डोळ्यासारख्या गाठीत तर चांगलंच. उजवी बाजू अजून पूर्ण पोपटी. कोल्हेअण्णा म्हणाले, आता तलावात नेलीत तर दोन काठांवरचे लोक दोन होड्या होत्या म्हणून भांडतील.

दुपारी नानासाहेबांनी पॉलिशपेपर टाकला. "आज बस. खांदा दुखतो माझा." मागच्या रविवारी हाच माणूस खांदा धरून हसत होता.

उजवी बाजू घासायची की राहू द्यायची, यावर मतभेद. मी म्हणतो घासू. ते म्हणतात, राहू दे जरा, आता मला ती तेवढी वाईट दिसत नाही. मी म्हणालो, तुमची नजर गेली. ते म्हणाले, तुमची होती कधी. निर्णय नाही.

स्टँडवर सोडायला निघालो तर, "नका येऊ. मला वाटेत थांबायचंय." रिक्षाने गेले. कुठे थांबायचं होतं, बोलले नाहीत.

१८ नोव्हें., मंगळ.

थिनर आणायला रंगाच्या दुकानात. शेठ म्हणाले, "सर, तुमचे धुळ्याचे व्याही परवा येऊन गेले. पॉलिशपेपर, नवी पत्री आणि पाव लिटर पिवळा. पैसे काढत होते खिशातून, मग थांबले. म्हणाले, सरांच्या नावावर मांडा, घरचंच शे."

पिवळा. पोपटीवर की सागवानावर, आणि कशाला, देव जाणे. होडी माझी, रंग त्यांचा, नाव माझं, आणि मला विचारणं नाही.

तीन वर्षांत या माणसाने माझ्या घरी पाण्याचा दुसरा ग्लास मागून घेतला नव्हता.

पैसे देऊन टाकले. शेठने विचारलं, "फिटले म्हणून कळवू का त्यांना?"

नको म्हटलं. पुन्हा आले तर पुन्हा मांडा.