दोन तासांसाठी बंद

३ मार्च

उद्या सकाळी आठ ते दहा वीज बंद! वीज कंपनीचा निरोप आहे म्हणे. बाबांनी पहिली भट्टी चालू केली त्याला एकतीस वर्षं झाली. आज एकशेवीस आहेत, एकदाही थांबलेल्या नाहीत. वरून पावडर, आत वीज, तळाला ॲल्युमिनियम — चोवीस तास.

मोठ्या साहेबांना विचारलं, आधी धातू उपसून घेऊ का? रिकाम्या भट्ट्या निदान पुन्हा चालू तरी करता येतात. म्हणाले, "दोन तासांसाठी कशाला धावपळ?" दोन तास निघतील. चार तासांनी मात्र आतला सगळा रस दगड होतो.

मेहुणा वीज कंपनीतच आहे. बायकोला म्हटलं, भावाला सांग, वेळेवर सोड म्हणावं. हसली — "तो जेवायला वेळेवर येत नाही, वीज काय सोडणार!"

४ मार्च

आठला मुख्य स्विच मीच पाडला. भट्ट्यांतल्या विजेच्या चुंबकत्वामुळे हॉलमध्ये घड्याळं बंद पडतात, म्हणून आम्ही ती फाटकावरच ठेवतो. आज घालून गेलो. चालत होतं!

दहा वाजले. साडेदहा. मेहुणा फोन उचलेना. साहेबांचं आपलं "बघतो, बघतो". बाराला पहार घातली तर वर जाड साय. एकला पहार टणकन परत आली. जुना मिस्त्री खालीच बसला. "उपसून घ्यायला हवं होतं हो." सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

५ मार्च

लिहवत नाही.

९ मार्च

फाटकावर नोटीस. भट्ट्या निकामी, कारखाना कायमचा बंद. चारशे माणसं घरी. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "वीजवाल्यांनी घात केला बघा."

संध्याकाळी मेहुणा दारात. "भावोजी, ऐकून तर घ्या —" तोंडावर दार लावलं. बायको म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय." तिला भावाचा पुळका येणारच! पण मी तरी कुणावर ओरडू?

१२ मार्च

मेहुण्याने बायकोच्या हाती एका पत्राची नक्कल पाठवली. वीज कंपनीला आमच्याच कारखान्याचं पत्र — '४ मार्च, सकाळी आठपासून पुरवठा कायमचा तोडावा.' खाली मोठ्या साहेबांची सही. तारीख १८ फेब्रुवारी.