बाटलीतलं ईथर आणि आकाशातलं

आणि ताई, माझं डोकं बंद असतं असं परत लिहू नकोस. आधीच्या नोकऱ्या डोकं न वापरल्यामुळे गेल्या, मान्य. या खेपेस वापरलं, आणि त्यानेच घात केला. असो, भांडण नंतर. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींना नमस्कार. आईला हे वाचून दाखवू नकोस.

तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सामान ने-आण करतो, हे तुला माहीत आहेच. परवा भिंगांची पेटी घेऊन वर्गाच्या दाराशी उभा होतो (आत कसा जाणार, सातवी नापास माणूस). आत भौतिकचे सर ठणकावून सांगत होते की ईथर नावाचं काही नसतंच, जुन्या लोकांची ती नुसती समजूत. मी हादरलो. आमच्या कपाटात ईथरच्या चार बाटल्या! म्हणजे दुकानदाराने कॉलेजला चक्क टोपी घातली. खात्री करावी म्हणून थेंबभर बोटावर घेतलं, तर बघता बघता नाहीसं. सर खरे! मग चारही बाटल्या मोरीत ओतून धुऊन ठेवल्या. पुढे गरगरलं आणि मी तिथेच बसलो (नसलेल्या वस्तूला वास मात्र भलता).

रसायनच्या मॅडमनी ईथर मागितलं. मी म्हणालो, "मॅडम, ते नसतंच."

सरांना बोलावणं गेलं. हसून हसून त्यांचा चष्मा पडला. प्रकाशाच्या लाटा ज्यातून येतात असं पूर्वी मानत ते ईथर वेगळं, म्हणे; ते नाही. बाटलीतलं औषधी, भूल द्यायचं, ते होतं. मी विचारलं, प्रकाशापेक्षा जोरात पळालं तर माणूस मागच्या काळात जातो म्हणतात, मग तसा पळालो तर बाटल्या ओतायच्या आधी पोचेन का? सर म्हणाले, वजन असलेल्या कशालाही ते जमत नाही. जितका वेग वाढवावा तितकं ढकलणं जड जातं. मॅडम म्हणाल्या, "हा न पळताच जड झालाय आम्हाला."

नोकरी राहिली की गेली, शनिवारी कळेल.

तुझा दिवटा भाऊ

ता.क. शनिवार झाला. राहिली. बाटल्यांचे पैसेही सरांनीच भरले. अट एकच: दाराबाहेरून अर्धवट ऐकायचं नाही, रात्रशाळेत नाव घालायचं. घातलं.

ता.क.चा ता.क. खरं काम हे, की फी भरल्यामुळे या महिन्यात पैसे कमी येतील. आईला सांग, बाटल्या फोडल्या म्हणून कापले. माझं वेंधळेपण तिच्या सवयीचं आहे; शाळेचं कळलं तर ती आशा लावून बसेल, आणि तेवढं मला झेपायचं नाही. सोबत आठशे.