वरची मूठ

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, अर्थशास्त्राची पदवीधर, धंदा स्प्रिंगा वळण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय आणि कोणाच्या आग्रहाशिवाय लिहीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याइतका उत्साह नाही. मन स्थिर असल्याचा दाखला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे मागितला, तर ते म्हणाले, "मावशी, मी दातांचा डॉक्टर." मी म्हटले, "मग तोंड उघडते. आतून शहाणपण निघतंय का बघा." त्यांनी दाखला दिला. सोबत जोडला आहे.

१. राहते घर व त्याखालचा कारखाना माझ्या पश्चात चिरंजीवाच्या मालकीचा होईल. मात्र माझ्या नणंदबाई, ज्यांना मी लग्नापासून वन्सं म्हणत आले, त्या हयात असेपर्यंत याच घरात राहतील. चिरंजीव परदेशी असतो. तिथून फोन करून त्यांना 'थोडे दिवस' कुठे हलवू नये. थोडे दिवस म्हणजे काय, ते मला कळते. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे की वापराप्रमाणे, यावरून आमचे भांडण जुने आहे. त्यात वन्सं जिंकल्या असे येथे नोंदवते. डबे उंचीप्रमाणे लावावेत.

२. बँकेतली ठेव वन्संच्या नावे. माझ्या बांगड्या सुनेला. तिला त्या आवडत नाहीत हे ठाऊक आहे. मोडून हवे ते करावे, मला विचारण्याचा प्रश्न येणार नाही.

३. शेजारच्या काचवाल्याने दुकानाची पाटी पुढे काढून आमच्या पॅकिंगच्या टेबलावरचा उजेड अडवला, त्याचे वैर मी आजपासून सोडून देते. माफ केलेले नाही. दुसरा साक्षीदार मिळत नव्हता.

४. यंत्रे. याबाबत थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

सासऱ्यांनी हा कारखाना काढला तेव्हापासून एक रीत होती. पिशवीत स्प्रिंगा मोजून भरायच्या आणि शिवताना वर एक मूठ टाकायची. मोजायची नाही, पैसे लावायचे नाहीत. स्प्रिंग उडते. हातातून निसटली की टेबलाखाली जाते आणि सापडत नाही. एका उडालेल्या स्प्रिंगेपायी गिऱ्हाइकाचे काम अडू नये, म्हणून ती मूठ. टाकायचे काम वन्संचे, त्यांची मूठ मोठी म्हणून. त्यावरून माझे पती त्यांना चिडवत, "ताई, तुझ्या हाताला लेथ लावून जरा बारीक करू या."

आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अर्ध्या जगात माल विकते. त्यांनी कळवले, नवे मशीन घ्या, वेग वाढवा. घेतले. जे काम दोन कारागीर आठवडाभर करत, ते मशीन जेवायच्या सुट्टीआधी उरकते. कॉलेजात मी उत्पादकतेची व्याख्या घोकली होती: तेवढ्याच माणसांत, तेवढ्याच वेळात, अधिक माल. व्याख्या बरोबर होती. घेणारा आपल्याला दिसेल की नाही, हे तीत नव्हते.

मग त्यांच्या गोदामातही यंत्र बसले. पिशवी काट्यावर जाते, वजन जास्त भरले की 'माल चुकीचा' असा शेरा पडतो. पहिला शेरा आला तेव्हाच मी सांगितले, "वन्सं, मूठ बंद करा."

"वहिनी, माणसाला मोजून देतात होय? मोजून देतात ते औषध."

"आता माणूस घेत नाही, वन्सं. काटा घेतो."

त्यांनी त्या दिवसापासून बंद केली. पण वाटेत असलेल्या पिशव्या वाटेतच होत्या. त्या एकेक करून पोचल्या, एकेक शेरा घेत गेल्या, आणि आमचे नाव त्यांच्या पुरवठादारांच्या यादीत इतके खाली गेले की ऑर्डरी येणेच थांबले. मी फोन केला. आवाज म्हणाला, आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. मत कोणी ऐकले नाही. चिरंजीव अशाच एका कंपनीत काम करतो, म्हणून त्याला विचारले.

"आई, तिथे माणूस नसतो. आकडा लाल झाला की नाव आपोआप खाली जातं."

"त्यांच्या साहेबाला सांग, ती मूठ फुकट होती. चोरी नाही, जास्तीचा माल आहे."

"साहेबही स्क्रीनच बघतो. आणि आई, त्यांच्याकडे आता स्प्रिंग पडतच नाही."

खरे आहे. हातच नाहीत, तर पडेल कोणाच्या हातून? मी आयुष्यात तारवाल्याशी, वीज कंपनीशी, सख्ख्या दिराशी भांडले आणि बहुतेक वेळा जिंकले. काट्याशी कसे भांडतात ते मला येत नाही. हे एकच वैर असे आहे, जे मृत्युपत्रात कोणाच्या नावे लिहावे ते कळत नाही.

कारागिरांपैकी एक आता पार्सले पोचवतो, दुसरा घरी बसला आहे. मशीन विकावे, माझ्या हयातीत घेणारा मिळाला नाही. सासऱ्यांचे लेथ भंगारात द्यावे. जागा पार्सल कंपनीला भाड्याने देण्याचे चिरंजीवाच्या मनात आहे. द्यावी. मी अडवून काय साधणार? वन्संचे पॅकिंगचे टेबल खिडकीपाशीच राहावे एवढी अट मी घालते. कंपनी ती मानेल की नाही, आणि न मानल्यास कोणाला विचारायचे, हे मला माहीत नाही.

५. शिल्लक माल. ऑर्डर नसताना वन्सं रोज सकाळी त्या टेबलाशी बसतात. स्प्रिंगा मोजतात, पिशवीत भरतात, काट्यावर ठेवतात, परत मोजतात. वजन बिनचूक असते. त्यांना वाटते, कारखाना त्यांच्या मुठीने बुडवला. "तसं काही नाही, वन्सं," असे मी पुष्कळदा म्हटले. त्या माझ्याकडे न बघता मोजत राहतात.

परवा कोपऱ्यावरचा चावीवाला कुलपांसाठी स्प्रिंगा न्यायला आला. वन्संनी मोजून दिल्या, एकही वर नाही.

"आत्या, मूठ विसरलात की माझ्यावर रागावलात?"

"काटा ओरडतो रे बाबा."

"माझ्याकडे कुठला काटा? माझ्याकडे बायको ओरडते."

मला हसू आले. वन्संना आले नाही. त्यांनी रिकामे हात पदराखाली घेतले.

तरी याद्वारे जाहीर करते की ती मूठ या कारखान्याची रीत होती, सासऱ्यांच्या, पतींच्या व माझ्या संमतीने टाकली जात होती, आणि तिचा दोष एकट्या नणंदबाईंवर कोणी, त्यांनी स्वतःसुद्धा, ठेवू नये. हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून दोनदा.

शिल्लक पिशव्या चावीवाल्याला द्याव्यात. देण्यापूर्वी वन्संनी प्रत्येक पिशवी उसवून आपल्या हाताने वर एक मूठ टाकावी. त्या टाकतील की नाही, हे माझ्या हातात नाही.

टाकल्यास कोणी मोजू नये.

सही: स्वहस्ते केली आहे.
साक्षीदार १: वरचे दातांचे डॉक्टर.
साक्षीदार २: शेजारचा काचवाला. (पाटी उद्या आत घेतो म्हणाला. बघू.)
ठिकाण: पॅकिंगचे टेबल, दिवा लावून.
दिनांक: १७ नोव्हेंबर