मधात घोटलेली कॅप्सूल

इल्फर्ड,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

ती. सुप्रभाताईस,

अनुयाचा नमस्कार. ट्रेनने हाउन्सलोला तुझ्या दारात येऊ शकणाऱ्या बहिणीने टपालाचे तिकीट लावावे, याचे मलाही हसू येते. पण तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी शेजारून गिरीशभाऊजी पुरवण्या जोडत असतात.

इकडे सर्व ठीक. कॉलेज सुरू झाले. औषधशास्त्राचा यंदाचा वर्ग चांगला आहे, प्रश्न विचारतो. नवरोबा यतीनने बाल्कनीतली माझी मेथी गवत समजून उपटली, आणि वर अभिमानाने सांगितले.

मुद्द्यावर येते. दसऱ्याच्या जेवणात भाऊजी म्हणाले, "तुझी ताई वैद्य झाली बरं का! डॉक्टरनं पायांसाठी दिलेली कॅप्सूल फोडते, खलात घोटते, मधातून चाटते."

तू म्हणालीस, "मग काय करू? कवच जिलेटिनचं. ते कशापासून करतात, माहितीये ना?"

सगळे हसले. तेव्हाच बोलायला हवे होते; पंगतीत बोलवेना. पुढे तळव्यांची आग कमी होईना म्हणून तू खोक्यातला कागद वाचलास, आणि त्यात 'डिप्रेशन' हा शब्द दिसला. त्यानंतरचा तुझा फोन अजून कानात आहे.

"मी पाय दाखवले, त्यानं डोकं तपासलं होय? आणि तू! नसांची गोळी म्हणालीस मला!"

"ताई, नसांचीच आहे."

"मग वेड्यांनाही तीच का देतात?"

फोन ठेवलास, औषधही सोडलेस. प्रश्न मात्र अगदी योग्य विचारलास. त्याचे उत्तर मला वर्गात द्यायला फार आवडते, म्हणून थोडा धीर धर.

साखरेमुळे तुझ्या पायांतल्या नसा दुखावल्या आहेत. काही झालेले नसताना त्या वर निरोप पाठवतात: आग, आग. मेंदू ते नुसते ऐकून घेत नाही. पाठीच्या कण्यातून तो खाली उत्तर धाडतो, 'कळले, आता पुरे.' हे उत्तर नेणारी रसायने मुख्यतः दोन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन. ती लगेच परत शोषली जातात. तुझे ड्युलोक्सेटीन त्यांना जरा जास्त वेळ थांबवून धरते. आणि हीच दोन रसायने वर, मेंदूत, मनःस्थितीच्या कामातही असतात. गच्चीवरची टाकी एक, नळ दोन. गोळीला रोगाचे नाव ठाऊक नसते!

आता तुझा खल. कॅप्सूलमधल्या प्रत्येक बारीक दाण्यावर एक लेप असतो. जठरातल्या आम्लात औषध नासू नये आणि ते आतड्यात पोहोचावे, एवढ्यासाठीच तो असतो. तू नेमका तोच घोटून काढलास. इतके दिवस तू बहुतांशी मधच चाटलास, ताई. सोमवारी सर्जरीला, तुझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन कर. घोटल्याचेही सांग, सोडल्याचेही, आणि पुन्हा कशी सुरू करायची ते डॉक्टरांनाच विचार. शाकाहारी कवचाची मिळते का, ते फार्मसीत विचारता येईल.

इथपर्यंत लिहून उठले, ओटा पुसला, पुन्हा बसले. चहा केला तो निवला. खिडकीशी जाऊन आले. खरे तर पत्र इथे संपायला हरकत नव्हती.

कोणी तुला समजावेल की दुखण्यासाठी डोस अगदी लहान असतो, म्हणजे हे 'तसले' औषध नव्हेच. काही जुन्या गोळ्यांबाबत ते खरे आहे. हिच्याबाबत नाही. पायांसाठी आणि मनासाठी आकडा बहुधा एकच, साठ मिलिग्रॅम. तुझ्या खोक्यावर साठ आहे.

माझ्याही.

मला मधुमेह नाही. पाय ठणठणीत आहेत. गेल्या हिवाळ्यात वर्गात उभी असताना सुरू केलेले वाक्य पुरे करावेसे वाटेनासे झाले. सकाळी न्हाणीघरापर्यंत जायला स्वतःशी वाद घालावा लागे. टाकी, नळ, सगळे मला पाठ होते. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. कॅप्सूलचा हळूहळू झाला. खोके कॉलेजच्या खणात असते. शनिवार-रविवारच्या दोन कॅप्सूल चष्म्याच्या डबीत घालून घरी आणते, कारण यतीनला मी सांगितलेले नाही. 'नसांची गोळी' हे शब्द मी आधी स्वतःसाठी जुळवून ठेवले होते, तो कधी विचारील म्हणून. तेच तुला दिले.

तू ती सर्वांदेखत, पाण्याबरोबर, अख्खी गिळावीस, असे मला वाटते. आणि मी?

खाली यतीनची गाडी लागली. उद्याची कॅप्सूल डबीतून काढून मी टेबलावर, त्याच्या कपाच्या जागी ठेवली आहे. तो विचारील. पत्र इथेच थांबवते. लिहीत राहिले तर पुन्हा शिकवू लागेन, आणि ते मला फार सोपे जाते.

जिन्यात पावले वाजताहेत.

तुझ्याच औषधावर उभी असलेली,
तुझी धाकटी बहीण
अनुया