शहराबाहेर जाणारी बस

बाबा, हे तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमच्याबरोबर नंदिनी गावच्या खाणीत आयुष्य घालवलेल्या सगळ्यांना. आपली तक्रार जुनी आहे. भट्टीत चुनखडी पडल्याशिवाय लोखंडातला मळ निघत नाही. ती चुनखडी तुम्ही काढलीत आणि नाव झालं पोलाद कारखान्याच्या भिलाईचं. पाहुणे भिलाईला आले, हार तिथे पडले, फोटो तिथे निघाले. आपल्या वाट्याला आली ती केसांत, कपड्यांत, कणकेच्या डब्यातसुद्धा शिरणारी पांढरी धूळ. हे मी तीस वर्षं सभांमधून ओरडून सांगते आहे आणि टाळ्याही घेते आहे. फक्त एक गोष्ट मी कुठल्याच सभेत सांगितली नाही. ती तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर, रविवारची दुपार. तुम्ही खिशातून दगडाचा तुकडा काढता, किल्लीनं खरवडता आणि ताटातली लिंबाची फोड त्यावर पिळता. बारीक बुडबुडे येतात. "पाह्य, पाह्य, अस्सल माल आहे!" आई पोळी लाटता लाटता वळून बघते. "दगडाले कावून पाजून राहिले? वरणावर पिळा ना ते!" तुम्ही हसता. "तुह्या वरणानं लोखंड नाही बनत." मी तुमच्या गुडघ्याला टेकून बुडबुडे विझेपर्यंत बघत राहते.

मग अकरावीतला तो दिवस. भिलाईच्या मोठ्या सभागृहात वक्तृत्व स्पर्धा होती. तुम्ही पहिली पाळी करून, खाणीतले बूटही न बदलता थेट आलात आणि मागच्या रांगेत बसलात. मी माईकवर गरजले, "मैं भिलाई की बेटी हूँ!" सभागृह दणाणलं. पहिला नंबर आला. तुम्ही मी बाहेर येईपर्यंत थांबलात. मग बस स्टॉपवर हळूच म्हणालात, "बोलते तं तू झकास. पण आपुन भिलाईचे कवापासून झालो वो?"

"बाबा, तिथं नंदिनी कोणाले मालूम आहे?"

"तूच नाही सांगशीन तं कोण सांगन?"

बस आली. तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि माझी बक्षिसाची ढाल मांडीवर धरून बसलात. धूळ तिला लागू नये म्हणून बूट सीटखाली आखडून घेतले होते.

तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं झाली. मागच्या वर्षी कामगारांच्या एका परिषदेसाठी मी बार्बाडोसला गेले. समुद्रातलं इवलंसं बेट आहे ते. ब्रिजटाउन या राजधानीत तीन दिवस भाषणं झाली, सगळ्यांनी हात मिळवले आणि विमानं पकडली. माझं विमान दोन दिवसांनी होतं. हॉटेलात जेवायला एकटीच असे, म्हणून वेटर समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढची प्लेट उचलून न्यायचा. दुसऱ्या दिवशी मला ते बघवेना, म्हणून बाहेर पडले. त्या बेटावर बस थांब्यांच्या पाट्या दोनच प्रकारच्या असतात. एकीवर लिहिलेलं असतं 'शहराकडे', दुसरीवर 'शहराबाहेर'. मी दुसऱ्या पाटीखाली उभी राहिले. बस उसाच्या शेतांमधून उत्तरेला निघाली. एकेक माणूस उतरत गेला आणि शेवटच्या स्टॉपवर मी एकटी उतरले. पुढे कडा होता, खाली खवळलेला समुद्र. हॉटेलातल्या माहितीपत्रकात हा भाग नव्हता. आणि बाबा, पायाखाली सगळी चुनखडी! वाऱ्यानं तीच पांढरी धूळ तोंडावर येत होती.

रस्त्याकडेला एक म्हातारी माशांची भजी तळत होती. मी भजी घेतली, खडीतला एक तुकडा उचलला, किल्लीनं खरवडला आणि तिनं दिलेलं लिंबू त्यावर पिळलं.

"अगं डार्लिंग, लिंबू माशावर पिळतात," ती म्हणाली. "दगड पचायचा नाही तुला."

बुडबुडे आले. खूप आले. फोन हातात होता, पण कोणाला सांगू? आईही गेलेली. मला रडू फुटलं. म्हातारीनं आपलं स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, "कुठली गं तू?"

बाबा, तिथे सभा नव्हती. माईक नव्हता, टाळ्या वाजवायला कुत्रंही नव्हतं. हातात तुमचा दगड होता. आणि मी म्हणाले, "भिलाई."

"ते कुठं आलं?" ती म्हणाली. तिला भिलाईही माहीत नव्हती. माझं खोटं तेवढ्या लांब जाऊनही कामी आलं नाही. खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर परतीची बस आली.

तो दगड आत्ता भिलाईतल्या माझ्या जुनवानीच्या घरात या कागदावर ठेवला आहे. आपल्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं. मी तिथे एकदाही गेले नाही, म्हणून पत्र त्या पत्त्यावरही टाकणार नाही. येत्या रविवारी भिलाईतच, सुपेल्याला माझी सभा आहे आणि पत्रकावर माझ्या नावापुढे छापलंय 'भिलाई की बेटी'. मी ते वाचलं आणि छापू दिलं. त्या स्पर्धेला तुम्ही मी बाहेर येईपर्यंत थांबलात. या खेपेला थांबू नका. ते बूट घालूनच या, आणि मी माईक धरताच मागच्या रांगेतून उठून भर सभेत मला तेच विचारा.