दोन चौकशा आणि एक कागद

दिंडोरी,
रविवार, दुपार

ती. बायडाआक्कांच्या पायांवर भागीचं डोकं.

मंगळवारी सकाळी मी अंगण झाडलं, चुलीतली राख काढली, शेळ्यांना पाणी दाखवलं, दावणीला सात आहेत हे मोजून घेतलं आणि छाटलेल्या द्राक्षवेलींना औषध लावायला येणाऱ्या बायांचे हातमोजे धुऊन वाळत टाकले. हे आधी लिहिते, कारण या आठवड्यात मी शहाण्यासारखं केलेलं एवढंच. आता विचारपूस. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला पाठवलेलं तेल लावता, की तुळशीपाशी ठेवून नुसतं बघता? पूजाच्या पोराचा खोकला गेला का? आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि शेळ्या.

गुरुवारी तुम्ही फोनवर फार बोललात. "येड लागनं का वं तुले?" इथपर्यंत मला ऐकू आलं, पुढचं मी फोन लांब धरून ऐकलं. तुमचं चुकलं नाही. वेदिकेसारखी शिकलेली, नोकरीची पोर तुम्ही माझ्या शेखरसाठी शोधली आणि तिच्या मामाला मी असं काही सांगितलं की तो पोहे तसेच टाकून उठला. सहादूमामांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला कळलं. मी असं का बोलले ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. फोनवर सांगता येत नाही. गोष्ट गुपित आहे आणि तुमचा आवाज नामपूरच्या कांदा मार्केटात लिलावाच्या वर ऐकू जातो. वाचून झालं की पत्र चुलीत घाला.

तर मंगळवार. तुम्ही सोमवारी सांगितलं होतं की मुलीकडचा माणूस या आठवड्यात चौकशीला येईल, पण येणार म्हणून सांगून येणार नाही. आपल्यात कोण सांगून येतं? टपरीवर चहा प्यायचा, भलत्याच घराचा पत्ता विचारायचा, शेजारणीशी पावसापाण्याचं बोलायचं आणि मग तहान लागली म्हणून नेमकं आपल्या ओट्यावर टेकायचं. मंगळवारी राखाडी शर्टाच्या एका माणसाने अगदी हेच केलं. टपरीवर बसला. बोअरवाल्याचं घर विचारलं. ठमाबाईला विचारलं की समोरच्या घरातला मुलगा स्वभावाने कसा. (ठमाबाई म्हणाली, लय गरीब पोरगं, मुंगीला वाट देतं. हे ती प्रत्येक स्थळाला प्रत्येक पोराबद्दल सांगते. तिच्या भाच्याबद्दलही सांगितलं होतं, आणि तो तेव्हा कोठडीत होता.) मग तो आमच्याकडे आला आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं, आणि पोहे टाकले.

त्याने विचारलं, मुलगा चिडका आहे का, दारू पितो का, कुणाचं देणं आहे का, झोप नीट लागते का, कुणाशी वैर आहे का. आक्का, याच्यात स्थळाच्या चौकशीपेक्षा वेगळं काय आहे ते तुम्हीच सांगा. मी सगळ्याला चांगली उत्तरं दिली. मुलीकडच्यांना फौजेतल्या पोराची भीती असते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी ती भीती काढायला बसले. म्हटलं, फौजेत आहे खरा, पण नावापुरता. भांडणाचा त्याला तिटकारा आहे. लहानपणापासून अंधाराला भितो. घर सोडवत नाही त्याला, देवळालीला बदली मागून टेबलाचं काम घेणार आहे. त्याने विचारलं, वरची मोठी जबाबदारी आली तर? मी म्हटलं, नाकारेल. आईसाठी नाकारेल. तो हे सगळं एका छोट्या डायरीत लिहीत होता. मला वाटलं, चौकशी लिहून घेणारं घराणं आहे, पोर सुखात राहील. मी त्याला आणखी पोहे वाढले. त्याने दोन्ही बशा संपवल्या, हात जोडले आणि गेला.

बुधवारी शेखरचा फोन आला. तो कधी काही सांगत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कॉलरबोन मोडलं तेव्हा मला सहा महिन्यांनी कळलं, तेही त्याला शर्ट घालताना बघून. पण त्या दिवशी तो थांबून थांबून बोलला. म्हणाला, आई, एक नवी तुकडी उभी करायची आहे. चाळीस जण. निवडायचे मी, शिकवायचे मी, आणि जिथे पाठवतील तिथे पुढे असायचं मी. अजून नक्की नाही. माझ्याबद्दल विचारायला कुणी घरी येईल, साध्या कपड्यात. जे आहे ते सांग, आई. आणि कुणाला बोलू नको. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्या पुढ्यात विळी होती आणि हातात न चिरलेला कांदा.

तुम्ही ह्यांना कडेवर वाढवलंत, म्हणून तुम्हाला सांगायला नको की मला काय आठवलं. हेही अशाच एका नव्या तुकडीत पहिल्या बत्तीस जणांत होते. तेव्हाही कुणाला बोलू नको म्हणाले होते. मला तेव्हा वाचताही येत नव्हतं. त्यांची पत्रं मास्तरांकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून फवारणीच्या डब्यांवरची अक्षरं लावत शिकले. (पहिला शब्द वाचला तो 'विष'.) मी नीट वाचायला लागले आणि पत्रं यायची थांबली. आता तालुक्याच्या वाचनालयातली लढाईवरची सगळी पुस्तकं माझी वाचून झाली. कुणी कुठला डोंगर कसा घेतला ते त्यांत पानापानांनी असतं. मागे राहिलेल्या बाईला अर्धं पान, आणि त्यातही ती फार वेळ खिडकीत उभी असते. मी खिडकीत उभी राहिले नाही. आमच्या घराला तेव्हा खिडकी नव्हती.

तर गुरुवारी दुसरा माणूस आला. मिशा, सफारी, टपरीवर चहा, भलत्याच घराचा पत्ता. मी ओळखलंच. शेखरने सांगितलेला साध्या कपड्यातला माणूस हाच. मनात आलं की याला खोटं सांगावं, सगळं तिथेच थांबेल. पण पोराने जे आहे ते सांग म्हटलं होतं, आणि तो माझ्याकडे काही मागत नाही. म्हणून जे आहे ते सगळं सांगितलं. चार दिवाळ्या घरी आला नाही. बर्फात झोपतो. रानात जे मिळेल ते खातो, साप खाल्लाय असं मला त्याच्या मित्राकडून कळलं. घरच्यांना काय सांगायचं नाही हे त्याला फार चांगलं जमतं. त्यांनी व्यसन विचारलं. मी म्हटलं, कामाचं आहे, दारूचं असतं तर सुटलं असतं. त्यांनी घाम पुसत विचारलं, मग लग्नाचं काय? मला वाटलं, फौजेला तेही लागतं. म्हटलं, त्याचं काही खरं नाही, करणारणीने कपाळ पांढरं व्हायची तयारी ठेवूनच करावं, मी केलं तसं. त्यावर सहादूमामा उठले. लाडू मात्र खिशात घातला. बशीतले पोहे शेळीने खाल्ले.

तासाभराने तुमचा फोन आला. तुम्ही मामा मामा म्हणत होतात आणि मला राखाडी शर्ट दिसत होता. मग मी मंगळवारी काय काय बोलले ते एकेक आठवायला लागलं. भितो. टेबलाचं काम. नाकारेल. आणि डायरी.

ठमाबाईला मी एवढंच म्हटलं, बाई, मंगळवारचा पाव्हणा स्थळवाला नव्हता. ती म्हणाली, "मग पव्हे कशापायी खाल्ले त्यानं?"

शुक्रवारी तो राखाडी शर्टवाला पुन्हा आला. यावेळी पत्ता विचारला नाही, सरळ ओट्यावर आला. आपण देवळालीच्या छावणीतून आलो हे सांगितलं आणि मग म्हणाला, "बाई, त्याच्या हाताखालची माणसं एक सांगतात, वरचे साहेब तेच सांगतात. तुम्ही एकट्या उलटं सांगता. आणि आईचं म्हणणं मी खोडू शकत नाही." मी त्याला स्थळाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "सोमवारी अकराला माझे कागद पुढे जाणार. तोवर लिहून द्या. नाही दिलंत, तर तुमचं मंगळवारचं म्हणणं तसंच जाईल." आणि एक कागद ठेवून गेला. त्यावर एकच प्रश्न आहे: या माणसाच्या हाती दुसऱ्यांची मुलं द्यावीत का? खाली दोन ओळींची जागा.

तो कागद लोणच्याच्या बरणीखाली दोन दिवस पडून आहे. आक्का, मला काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं आहे. गप्प बसले की शेखरला तुकडी मिळत नाही. तो कधीतरी देवळालीला येतो, रविवारी घरी जेवतो, वेदिका त्याला पसंत करते, आणि कुणी मेलं तर म्हातारपणाने मरतं. त्याला कळणारही नाही की हे आईने केलं. अशी संधी ह्यांच्या वेळेला मला कुणी दिली नव्हती.

काल एसटीने नाशिकला गेले. द्वारकेजवळ धम्मपालचं टायरचं दुकान आहे. तुम्ही त्याला ओळखता, दर दिवाळीला येतो तोच, ह्यांच्याबरोबर होता तो. मी त्याला कागदाचं सांगितलं आणि नुसतं विचारलं, त्या रात्री काय झालं ते नीट सांग. चोवीस वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. त्याने हातातलं टायर खाली ठेवलं. म्हणाला, आमची तुकडी ज्या साहेबाने उभी केली, तो परत येताना प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचा. तोंडी मोजणी त्याला चालायची नाही. त्या वेळी दोन कमी भरले. खंडेराव (म्हणजे हे) आणि मी. साहेबाला पाठीमागे जायची परवानगी नव्हती, तो स्वतः गेला. खंडेरावांनी मला ओढत दगडाआड आणलं होतं आणि माझ्या अंगावर पडलेले होते. साहेबाने दोघांना हात लावून मोजलं, मग दोघांना आणलं.

मग धम्मपाल म्हणाला, "वैनी, तुम्ही लिहा नायतर नका लिहू, मी काय बोलणार नाय. पण साहेब मोजायचा म्हणून मी हितं पंक्चर काढतोय. आन् तुम्हाला त्यांचं तोंड बघायला मिळालं." त्याने चहा मागवला. मी पिऊन निघाले.

येताना एसटीत मला शेखर नऊ वर्षांचा असतानाची ती संध्याकाळ आठवली. तुम्ही तेव्हा इथेच होतात. शेळ्या सहा भरल्या, एक करडू कमी. मी म्हटलं, सकाळी बघू, जेव. जेवेना. अंधाराला भिणारं पोर, बॅटरी घेऊन द्राक्षाच्या मांडवांत शिरलं. मोठ्याने रडत गेला आणि मोठ्याने रडत परत आला, करडू बगलेत. तुम्ही म्हणालात, एवढा भितो तर गेला कशाला? तो म्हणाला, एक कमी होतं ना.

म्हणजे मंगळवारी मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. गुरुवारचंही अर्धंच होतं.

गुडघ्याला तेल लावा. पूजाला आशीर्वाद.

तुमची,
भागी

ता. क. : वेदिकेचं स्थळ गेलं असं मी धरत नाही. मामांना पुन्हा पाठवू नका, त्यांना आमचे पोहे गोड लागणार नाहीत. तिला स्वतःला पाठवा, सुट्टीच्या दिवशी. मी तिला दोन्ही अर्धी सांगेन. मग ती नाही म्हणाली तर मी रुसणार नाही. तिने ऐकल्याशिवाय हो म्हटलं तर मात्र रुसेन.

ता. क. दुसरा : हे पत्र तुम्हाला बुधवारी मिळेल, तेव्हा कागदाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. म्हणून मी सल्ला विचारत नाही. एवढंच मागते की मी तो दोन दिवस बरणीखाली ठेवला होता हे शेखरला कधी सांगू नका. बाकी सगळं सांगितलंत तरी चालेल. साप खाल्ल्याचं मला माहीत आहे, हेही सांगा.

सोमवार, संध्याकाळ : पाकीट काल बंद केलं नाही, बरं झालं. आज पहाटे उठून मी कागदावर लिहिलं, "त्याला भीती वाटते. तरी एक कमी असेल तर तो घरात येत नाही. द्यावीत." खाली नाव लिहिलं. शेळ्या मोजल्या, सात. सहाच्या एसटीने नाशिकला गेले, तिथून देवळालीला, आणि अकराच्या आत छावणीच्या फाटकावर तो कागद त्या राखाडी शर्टवाल्याच्या हातात दिला. मग घरी आले आणि शेळ्या पुन्हा मोजल्या.